एकच बटण, दोन वर्ग

2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध आला. व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राच्या मोठमोठ्या तुकड्या असतात. त्यांतल्या दोन तुकड्या प्रयोगासाठी घेतल्या होत्या. प्रत्येकीत अडीचशेहून जास्त मुलं होती. दोन्हीकडे अनुभवी प्राध्यापक होते आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात दोघांनाही चांगले गुण मिळत. अकरा आठवडे असेच गेले. बाराव्या आठवड्यात एका तुकडीचे प्राध्यापक बाजूला झाले आणि त्यांच्या जागी लुई डेलोरिए हा तरुण संशोधक उभा राहिला. शिकवण्याचा त्याचा अनुभव तुटपुंजाच होता. त्याच्या मदतीला एलन शेल्यू ही संशोधक विद्यार्थिनी होती आणि दोघांच्या पाठीशी होते कार्ल वीमन. 2001 सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. पुढे शिकवण्यावर संशोधन करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

दोन्ही तुकड्यांना धडा एकच होता, विद्युतचुंबकीय लहरींचा. तासही सारखेच, तीन. शेवटी बारा प्रश्नांची चाचणी झाली. अनुभवी प्राध्यापकांच्या तुकडीला सरासरी 41 टक्के गुण पडले, नवख्याच्या तुकडीला 74. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी 23 टक्के मिळाले असते, हे लक्षात घेतलं की 41 हा आकडा आणखीच केविलवाणा वाटतो.

तंत्रज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा प्रयोग आवडतो, कारण जिंकलेल्या वर्गात मुलांच्या हातात ‘क्लिकर’ होते. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारं रिमोट. पडद्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी पर्यायाचं बटण दाबतो आणि कुठल्या पर्यायाला किती मतं पडली त्याचा आलेख क्षणात समोर उभा राहतो. आता हे काम मोबाईलवरही होतं. मात्र निबंध नीट वाचला तर त्यात एक बारीक तपशील सापडतो: हरलेल्या वर्गातही क्लिकर होतेच. पॉवरपॉइंटच्या स्लाईडही होत्या.

फरक होता तो बटण दाबल्यानंतर काय घडतं त्यात. पहिल्या वर्गात प्राध्यापक आधी शिकवत आणि मग मुलांना कितपत कळलं ते बटणांनी तपासत. दुसऱ्या वर्गातली मुलं थोडं वाचून यायची. प्रश्नाचं उत्तर आधी आपलं आपण द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा बटण दाबायचं. शिक्षक बोलायचा तो त्यानंतर, आणि तेही समोर आलेल्या चुकीला धरून. एकच यंत्र, पण एका खोलीत ते परीक्षकाचं काम करत होतं, तर दुसऱ्या खोलीत शिक्षकाच्या कानाचं.

प्रयोगावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले. शिकवणारा आणि प्रयोग रचणारा एकच माणूस होता, सगळं एका आठवड्यात उरकलं, चाचणीही लगेच झाली. मला हे आक्षेप रास्त वाटतात. म्हणून याच पद्धतीच्या मुळाशी, हार्वर्डमधल्या एका जुन्या वर्गात जायला हवं.

एरिक माझूर 1984पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांच्या वर्गातली बरीच मुलं पुढे वैद्यकीयला जाणारी होती. मुलं खूश होती, अवघड गणितं सोडवत होती, तेव्हा आपण उत्तम शिकवतो असं माझूर यांना वाटणं स्वाभाविकच होतं. 1990च्या सुमाराला अ‍ॅरिझोनातल्या हॅलून आणि हेस्टेनेस या दोघांचं लिखाण त्यांच्या वाचनात आलं. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाही साध्या, बिनगणिती प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली, तर कोणी कोणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम आपल्याकडे नववीत पाठ होतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान, तेव्हा दोन्ही बलं सारखीच. पण चक्काचूर झालेली मोटार डोळ्यांपुढे आली की नियम पाठ असलेला मुलगाही ठामपणे ट्रकचंच नाव घेतो.

हार्वर्डच्या मुलांना हे नक्की येईल, अशा खात्रीने माझूर यांनी त्या दोघांची चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं विचार करून लिहायची की मी एरवी विचार करते तशी? माझूर हा किस्सा स्वतःच अनेक व्याख्यानांत सांगत आले आहेत. निकाल अर्थातच निराशाजनक लागला. त्यांनी मुलांना पुन्हा समजावलं, आणखी आकृत्या काढल्या, तरी चेहरे कोरेच. शेवटी वैतागून त्यांनी सांगितलं, तुम्हीच आपसात बोला. वर्गात बाजार भरला. दोनतीन मिनिटांत बहुतेकांना उत्तर सापडलं होतं.

याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं. प्राध्यापकाला ती गोष्ट कळून इतकी वर्षं झालेली असतात, की गाठ नेमकी कुठे बसते हेच तो विसरलेला असतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीची गाठ दोन मिनिटांपूर्वीच सुटलेली असते. ती कशी सुटली हे तिला अजून आठवतं.

त्यातून जी पद्धत बनली, तिला आपण ‘सहाध्यायी शिक्षण’ म्हणू. सुरुवातीला तिच्यात यंत्र नव्हतंच, मुलं हात वर करायची किंवा अक्षरं लिहिलेली कार्डं दाखवायची. क्लिकर नंतर आले. साधारण तीस टक्क्यांहून कमी मुलांचं उत्तर बरोबर असेल तर मुद्दा पुन्हा समजावायचा. सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात असेल तर मुलांना भांडू द्यायचं. हा नियम यंत्रालाही पाळता येईल, तेवढं मान्य करायला हवं. पण मुलं भांडत असतात ती दोनतीन मिनिटं माझूर टेबलामागे बसत नाहीत, बाकांमधून हिंडत ऐकतात. किती जणांनी ‘ब’ निवडला ते आलेख सांगतो. का निवडला, ते कुजबुजीत कळतं.

आता प्रश्नांकडे वळू, कारण या पद्धतीचं सगळं मर्म तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. हॅलून आणि हेस्टेनेस यांनी चाचणी बनवताना आधी मुलांना मोकळी उत्तरं लिहायला लावली आणि त्यांत वारंवार दिसलेल्या चुकाच पुढे चुकीचे पर्याय म्हणून वापरल्या. म्हणून त्या चाचणीतला प्रत्येक चुकीचा पर्याय कुणाच्या तरी डोक्यातला खराखुरा विचार आहे. आपल्याकडच्या गाईडांत आणि विद्यापीठांच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकांत चुकीचे पर्याय बहुधा जागा भरण्यापुरते असतात. एक उघड मूर्खपणाचा, एक अर्धवट आणि चौथा ठरलेला, ‘वरीलपैकी सर्व’. असा प्रश्न कितीही भारी स्मार्ट बोर्डवर टाकला, तरी मुलं गटात बसून त्यावर बोलणार काय?

यंत्राचा हिशेब नेथनिएल लॅसरी यांनी 2008 साली मांडला. माँट्रियलजवळच्या एका महाविद्यालयात त्यांनी एका वर्गाला क्लिकर दिले आणि दुसऱ्याला पुठ्ठ्याची कार्डं. प्रश्न आणि पद्धत तीच ठेवली. सत्राअखेरीला दोन्ही वर्ग सारखंच शिकलेले निघाले. क्लिकरचा फायदा झाला तो शिक्षकाला, कारण उत्तरांची नोंद आपोआप राहते आणि मागच्या बाकावरचं कोणी सुटत नाही. हा फायदा खरा आहे, पण शिकण्याच्या खात्यात तो जमा होत नाही.

इथवर वाचून शिक्षकांच्या बाजूचे लोक सुखावले असतील. त्यांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात.

महाराष्ट्रात चांगला प्राध्यापक म्हणजे चांगला वक्ता, हे समीकरण फार जुनं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यान ऐकणं हा आपल्याकडे एक संस्कार मानला जातो. कॉलेजच्या आठवणींमध्ये दिसतात ते तास गाजवणारे, शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी येऊन ज्यांना ऐकत असे सर. यंत्र या माणसाची जागा घेईल का, असं आपण विचारतो तेव्हा मनात हेच सर असतात. पण वक्तृत्व आणि शिकवणं यांचं नातं आपण समजतो तितकं जवळचं नाही.

1970च्या सुमाराला अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ बनवून मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञांपुढे उभं केलं गेलं. विषय भारदस्त होता, मजकूर जाणूनबुजून पोकळ आणि परस्परविरोधी, बोलणं मात्र रुबाबदार, विनोदी, आत्मविश्वासाने भरलेलं. श्रोत्यांनी त्याला छान अभिप्राय दिले. 2013 साली अमेरिकेतच शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी तिरंगी मांजरं बहुतेक माद्याच का असतात, हे सांगणारे दोन छोटे व्हिडिओ मुलांना दाखवले. मजकूर तोच. एकात शिक्षिका प्रेक्षकांकडे पाहत सफाईने बोलते, दुसऱ्यात ती कागदावर मान घालून अडखळत वाचते. पहिला पाहणाऱ्यांना आपल्या लक्षात खूप राहील असं वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही गटांना सारखंच आठवलं. पुढे 2019 साली डेलोरिए यांनीच हार्वर्डमध्ये याची दुसरी बाजू दाखवली. गटांत झटापट करत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होतं नेमकं उलट.

म्हणजे या छापाच्या शिक्षकाचं जे कौशल्य सर्वांत जास्त मिरवलं जातं, त्याला यूट्यूबने केव्हाच गाठलं आहे. त्यातही जगातला उत्तम वक्ता तिथे फुकट मिळतो आणि ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणण्याचीही गरज नसते, बोट मागे सरकवलं की झालं. कमी दिसणारं कौशल्य वेगळंच आहे. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात ध्वनिफिती तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. रो यांचं मूळ काम शाळांतलं, पण कुठल्याही कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून ते पडताळून पाहता येईल. वर्गातली तीन सेकंदांची शांतता बोलक्या प्राध्यापकाला फार जड जाते.

यंत्र आणि माणूस यांची एक गाजलेली तुलना मात्र सॅन होजेला झाली. सिलिकॉन व्हॅलीच्या पोटातच असलेलं सॅन होजे स्टेट हे सरकारी विद्यापीठ. तिथे शिकणाऱ्यांत नोकरी सांभाळून येणारी आणि घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणारी मुलं पुष्कळ. 2011च्या शेवटी शेजारच्या स्टॅनफर्डमधल्या सेबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाईन अभ्यासक्रमाला सुमारे 1,60,000 लोकांनी नावं नोंदवली होती. त्यातून थ्रून यांची ‘युडॅसिटी’ ही कंपनी उभी राहिली. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत 23,000च्या आसपास पोचले, तरी पहिल्याच आकड्याने सगळ्यांचे डोळे दिपले होते. जानेवारी 2013मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत घोषणा झाली: सॅन होजे स्टेट आणि युडॅसिटी मिळून गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम 150 डॉलरमध्ये देणार. प्रवेश घेणाऱ्यांत आधी गणितात नापास झालेली मुलं होती, ओकलंडच्या एका शाळेतले गरीब घरांतले विद्यार्थीही होते.

जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा फार खाली गेलं होतं. काही मुलांच्या घरी संगणक किंवा पुरेसं इंटरनेटच नव्हतं. समोर वर्ग असता तर ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच कुणाच्या तरी लक्षात आली असती. तोवर सुरू झालेल्या उन्हाळ्यातल्या फेरीत निकाल सुधारले, पण त्या फेरीत आधीच पदवी घेतलेले पुष्कळ जण होते. ज्याला शिकायचं कसं हे येतं, त्याला व्हिडिओ पुरतो. वर्षाअखेर थ्रून यांनी स्वतःच आपलं उत्पादन वाईट असल्याची कबुली एका मुलाखतीत दिली.

याच विद्यापीठात, त्याच सुमाराला, दुसऱ्या इमारतीत काय चाललं होतं ते मात्र फारसं गाजलं नाही. विद्युत अभियांत्रिकीच्या मुलांनी एमआयटीच्या ‘सर्किट्स’ अभ्यासक्रमाचे व्हिडिओ घरी पाहायचे आणि तासाला प्राध्यापकाच्या देखरेखीखाली गटांत गणितं सोडवायची, असा तो बेत होता. आधी ज्या विषयात साठ टक्क्यांहून कमी मुलं उत्तीर्ण होत, त्यात 91 टक्के मुलं उत्तीर्ण झाली. व्हिडिओ दोन्हीकडे होते. एकीकडे ते शिक्षकाच्या जागी आले, दुसरीकडे त्यांनी शिक्षकाचं तेच ते सांगण्याचं काम घेतलं आणि तास मोकळा केला.

याच यशाच्या जोरावर विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाला सुचवण्यात आलं, की तुम्हीही हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची न्यायावरची व्याख्यानं दाखवा. विभागाने एप्रिल 2013मध्ये सँडेल यांना खुलं पत्र लिहून नकार कळवला. श्रीमंत विद्यापीठांतल्या मुलांना खरा प्राध्यापक आणि आमच्या मुलांना त्याची चित्रफीत, अशी विभागणी होईल, हा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा मला अधिक गमतीदार वाटतो. सामाजिक न्यायावरची चर्चा आमच्या मुलांनी पडद्यावर पाहायची आणि ती करणारी मुलं हार्वर्डची? सँडेल यांनीही उत्तर दिलं, की आपल्या व्याख्यानांचा वापर इतर संस्थांतल्या सहकाऱ्यांचं खच्चीकरण करायला व्हावा अशी आपली इच्छा नाही.

मुंबईतलं एक काम इथे आठवतं. शेकडो मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी बोलणार कसं, हा आपला नेहमीचा आणि खरा प्रश्न. पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रचंड वर्गात अदिती कोठियाल, सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ‘आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांपुढे’ ही पद्धत वापरली आणि निरीक्षक बसवून मुलांच्या हालचाली नोंदवल्या. सरासरी 83 टक्के मुलं हातातल्या कामात गुंतलेली आढळली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच तो आकडा आहे. गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे, हे खरं. पण एवढ्या मोठ्या सभागृहात लागलं काय, तर वही, पेन, शेजारी आणि नीट बेतलेला प्रश्न.

आता या चित्रात नवं यंत्र शिरलं आहे आणि ते क्लिकरसारखं मुकं नाही. 2025 साली हार्वर्डमधल्याच ग्रेगरी केस्टिन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या 194 विद्यार्थ्यांनी एक धडा वर्गात गटांनी शिकला आणि दुसरा घरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिकवणीतून. शिकवणीवाल्यांची प्रगती दुपटीहून जास्त झाली आणि वेळही कमी लागला. लक्षात घ्या, तुलना कंटाळवाण्या व्याख्यानाशी नव्हती, माझूर यांच्या वळणाच्या जिवंत वर्गाशी होती. म्हणून हा निकाल उडवून लावता येत नाही. मुलाला आपल्या गतीने जाता येतं, दहाव्यांदा तोच बावळट प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, हे यंत्राचं खरं बळ आहे. मात्र ते यंत्र दुकानातून आणून मुलांपुढे ठेवलेलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नाची टप्प्याटप्प्याची उत्तरं शिक्षकांनी आधी लिहून दिली होती. एका वेळी एकच पायरी सांग, सगळं उत्तर देऊ नकोस, असं बजावलं होतं. मुलं कुठे अडतात हे वर्षानुवर्षं वर्गात ऐकून जमलेलं शहाणपण त्यात उतरलं होतं. असं काही न घालता दिलेल्या यंत्राचं काय होतं, ते तुर्कस्तानातल्या जवळजवळ हजार शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात दिसलं. यंत्र हाताशी असताना सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले, ते काढून घेतल्यावर परीक्षेत ती मुलं यंत्र कधीच न मिळालेल्यांच्या 17 टक्के मागे पडली. शिक्षकांनी बेतलेल्या सूचनांच्या चौकटीत बसवलेल्या यंत्राने हे नुकसान जवळपास भरून निघालं.

व्हँकुव्हरच्या निबंधात, निकालांच्या कोष्टकांपासून दूर, आणखी एक आकडा आहे. त्या तीनपैकी पहिल्या एका तासाची तयारी करायला दोघांचे मिळून वीस तास गेले. तिसऱ्या तासापर्यंत ते दहावर आले. जिंकलेल्या वर्गाची किंमत ही होती, क्लिकरची नव्हे.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आज कितीतरी विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. म्हणून अनेक जण एका कॉलेजातला तास संपवून दुचाकीवरून दुसऱ्या कॉलेजात जातात. इकडे महाविद्यालयाच्या गुणवत्तेचं ‘नॅक’ मूल्यांकन व्हायच्या आधी प्रोजेक्टर आणि स्मार्ट बोर्डची खरेदी होते, कारण तिची पावती असते आणि अहवालात फोटो लागतो. एका चांगल्या प्रश्नाचे चार पर्याय बेतायला, मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका चाळायला गेलेल्या वेळेला तासिकेच्या बिलात रकाना नसतो.